सात नंबरची मुदत

सोमवारी सकाळी मी माझ्या कॉम्प्युटरसमोर बसले, बटण दाबलं आणि पडद्याच्या मधोमध एक लाल चौकट येऊन बसली. आत चार ओळी इंग्रजीत. मी चौकट बंद केली, ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. तोंडावर दोनदा दार लावलं तर निर्लज्जातला निर्लज्ज पाहुणासुद्धा वाटेला लागतो, पण हिला काही लाजच नव्हती.

मग मी इंचीमास्तरला हाक मारली आणि म्हटलं, चष्मा घरी राहिलाय, काय लिहिलंय बघ जरा. इंचीमास्तर म्हणजे आमचा कटिंग मास्तर. गळ्यात इंचटेप घालूनच जन्माला आला असावा, म्हणून हे नाव. त्याने डोळे बारीक केले, ओठ हलवले, आणि ‘बाई, हे काही चांगलं लिहिलेलं दिसत नाही,’ असं सांगून तो सुनेला आणायला गेला. एवढं मलाही कळत होतं.

सून आली, वाकली, वाचलं. लायसन्सची मुदत संपलीय, असं म्हणाली. मी म्हटलं, मग भरा. ती म्हणाली, भरलंय, गेल्याच महिन्यात. मी म्हटलं, मग हा काय तमाशा आहे? तिने माऊस हातात घेतला. माऊसची वायर सरळच होती, ती आणखी सरळ करत राहिली.

आमचा कारखाना हॉस्पिटलच्या गणवेशांचा. नर्सचे ट्यूनिक, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनच्या खोलीतले झगे. हा धंदा मी एका शिलाई मशीनवर सुरू केला, आता बावीस मशीनं आहेत, आणि अजूनही वीतभर कापड वाया गेलं तर मला जेवण गोड लागत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. कापडावर तुकडे बसवायला मला कोणी शिकवलं नाही, आणि माझ्याइतकं कोणाला ते येतही नाही. पूर्वी पुठ्ठ्याचे साचे मांडून खडूने आखायचो. आता ते सगळं पडद्यावर चालतं. पुढचा भाग, पाठ, बाह्या, कॉलर, खिसे, सगळे तुकडे एका लांब पट्टीत असे बसवायचे की मधे जागा म्हणून उरता कामा नये. या मांडणीला मार्कर म्हणतात. मार्कर लागला की तो लांबलचक कागदावर छापून निघतो. इंचीमास्तर कापडाचे पन्नास थर एकावर एक पसरतो, वर तो कागद ठेवतो आणि मशीनने कापत जातो. मार्करात पाच सेंटीमीटर वाचले की पन्नास थरांत अडीच मीटर वाचतात. कॉम्प्युटर स्वतःसुद्धा मार्कर लावतो, एक बटण दाबलं की झालं. पण त्याची मांडणी म्हणजे गाडी सुटताना कोंबलेली बॅग. मी लावलेला मार्कर त्याच्यापेक्षा आखूड येतो. नेहमी.

या वेळी काम होतं चारशे ट्यूनिकचं. हॉस्पिटल नवीन, त्यांना रंगही खास हवा होता, निळ्याकडे झुकणारा हिरवा. गिरणीने कापड मुद्दाम रंगवून दिलं. नेहमीच्या अंदाजाने सहाशे चाळीस मीटर लागणार होतं आणि मुलगा तेवढंच मागवायला निघाला होता. हॉस्पिटलच्या स्टोअरच्या बाई समोर बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, सहाशे वीस मागव, मी बसवते. मुलगा म्हणाला, आई, कमी पडलं तर पुन्हा हाच रंग मिळणार नाही. मी त्याला विचारलं, आजवर कधी कमी पडलंय? त्याने पेनचं टोपण लावलं.

तर ते सहाशे वीस मीटर कापड दहा ताग्यांत येऊन पडलं होतं. पन्नास थर करायचे, एका थराला बारा मीटर चाळीस, टोकांना मोकळीक सोडून मार्कर बारा पस्तीसच्या आत बसायला हवा होता. सुनेने तिच्या कॉम्प्युटरवर बटण दाबून लावून बघितला तर बारा ऐंशी. म्हणजे बारा-तेरा नर्सना ट्यूनिकच नाही. त्यांना काय सांगायचं, चादर गुंडाळून या? आणि गुरुवारी कापड टेबलावर चढलं नाही तर शिलाईच्या बाया हातावर हात धरून बसणार आणि हॉस्पिटलची तारीख हुकणार. शब्द मी दिला होता. बसवायचं ते मलाच.

आणि माझ्या कॉम्प्युटरवर लाल चौकट.

मुलाने सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. अर्धा तास आम्ही पेटीचं संगीत ऐकलं. मग फोनवर एक पोरगा आला. त्याने आमचा ग्राहक क्रमांक विचारला, तिकडे काहीतरी टकटक केलं आणि सांगितलं की तुमचं लायसन्स व्यवस्थित चालू आहे, पुढच्या वर्षापर्यंत. मुलगा म्हणाला, इथे तर संपलंय म्हणतंय. पोरगा म्हणाला, इथे चालू दिसतंय. मुलगा म्हणाला, अहो पण माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोरगा म्हणाला, माझ्याही. मग त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला. आम्ही केला. लाल चौकट. सर्व्हरही बंद करून चालू करा म्हणाला. सर्व्हर म्हणजे पुढच्या ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर. लायसन्स त्याच्या पोटात असतं, आणि बाकीचे कॉम्प्युटर उघडताना त्याला विचारून उघडतात. तोही बंद करून चालू केला. सुनेचा कॉम्प्युटर छान उघडला. माझा नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही एवढ्या वेळा बंद-चालू केलं की इंचीमास्तर म्हणाला, बाई, बल्ब असता तर एव्हाना उडाला असता.

मंगळवारी फोनवर एक मुलगी आली. तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा होता, पण निदान तिने योग्य प्रश्न विचारला. सर्व्हरवर कितवी आवृत्ती आहे आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटरवर कितवी? मुलाने बघून सांगितलं, सर्व्हरवर अकरा, सुनेकडे अकरा, आणि मागच्या खोलीत माझ्याकडे सात.

‘सात?’ ती म्हणाली. आमच्याकडे घोडागाडी आहे असं सांगितल्यासारखी.

मग तिने समजावलं आणि मुलाने मला समजावलं. नवीन लायसन्स नव्या साच्यात येतं. अकरा नंबरला ते वाचता येतं, सात नंबरला येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते संपलं असंच सात नंबर धरून चालतो. म्हणून लाल चौकट. मी म्हटलं, वाचता येत नाही तर तसं सांगावं की सरळ, मुदत संपली म्हणून खोटं कशाला बोलायचं? मुलगा म्हणाला, आई, ते मी बनवलेलं नाही.

उपाय एकच, ती मुलगी म्हणाली. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही अकरा नंबर टाका. अर्ध्या तासाचं काम.

‘नाही,’ मी म्हटलं.

मुलाने कारण विचारलं. मी म्हटलं, प्लॉटर चालणार नाही. प्लॉटर म्हणजे मार्कर छापायचं यंत्र. तो म्हणाला, प्लॉटर सुनेच्या कॉम्प्युटरवरून चालतोच की. मी म्हटलं, माझा हात बसलाय. तो म्हणाला, दोन दिवसांत बसेल. मी म्हटलं, दोन दिवस आहेत कुठे? हे खरं होतं. पण कारण ते नव्हतं.

कारण इथे लिहिते, तेव्हा कोणाला सांगितलं नव्हतं. पडद्यावरची इंग्रजी बटणं मला वाचता येत नाहीत. मी ती जागेवरून ओळखते. डावीकडून तिसरं म्हणजे तुकडा फिरवणे, त्याच्या खालचं म्हणजे चिकटवणे, कोपऱ्यातलं निळं म्हणजे जपून ठेवणे. अशी पंचवीस-तीस बटणं माझ्या बोटांना पाठ आहेत, जशी अंधारात घरची पायरी. सहा वर्षांपूर्वी मुलाने मला न विचारता आठ नंबर टाकला होता. त्यात बटणं हलली होती. जिथे फिरवणे होतं तिथे उलटं करणे आलं. मी आपली नेहमीच्या जागी दाबत गेले. एकशे वीस डॉक्टरी कोट कापून झाले आणि शिवताना कळलं की सगळ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत. मी कॉम्प्युटरच्या नावाने इतका दंगा केला की दुसऱ्या कोणाचं नाव निघायलाच जागा उरली नाही. त्याच दिवशी सात नंबर परत टाकून घेतला आणि सगळ्यांना ताकीद दिली, माझ्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तेव्हापासून सर्व्हर आठ झाला, नऊ झाला, अकरा झाला, मी सातवरच राहिले. सून तिच्याकडे तुकडे तयार करायची, जुन्या साच्यात घालून मला पाठवायची, मी मांडायचे. पाच वर्षं बिनबोभाट चाललं होतं. मला वाटायचं माझ्या धाकाने चाललंय.

मंगळवारी दुपारी मुलगा हॉस्पिटलात मापं घ्यायला गेला. इंचीमास्तर दाराशी घुटमळत होता. शेवटी बोलला. त्याच्या भाच्याने म्हणे मोबाइलवरच्या एका खेळाची मुदत संपल्यावर घड्याळ मागे केलं होतं, आणि खेळ सुरू झाला होता. मुदत कॉम्प्युटरला घड्याळावरूनच कळणार ना? मला पटलं. सात नंबर रविवारपर्यंत चालला होता, तर त्याला अजून रविवारच आहे असं वाटू दे. मी म्हटलं, कर मागे. त्याने महिनाभर मागे केलं. आणि काय सांगू, उघडला. माझी सगळी बटणं आपापल्या जागी. मी खुर्ची पुढे ओढली, पहिली पाठ उचलून कडेला लावली, आणि पडदा पांढरा पडला. नवीन चौकट. इंचीमास्तरच्या तोडक्यामोडक्या वाचनातून एवढं निघालं की सर्व्हरची वेळ आणि माझी वेळ जुळत नाहीये.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. सून तेव्हा बटणांच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. मी इंचीमास्तरला म्हटलं, मग सर्व्हरचीही कर.

त्याने केली. सर्व्हरने एक लांब चौकट दाखवली आणि सगळा कारखाना बंद. माझा कॉम्प्युटर बंद, सुनेचा बंद, प्लॉटर बंद. इंचीमास्तरने वेळ परत जागेवर आणली, पण सर्व्हर काही ऐकेना. इंचीमास्तर म्हणाला, बाई, मी जरा कैचीला धार लावून येतो. त्याच्या हातात कैची नव्हतीच.

बुधवारी सकाळी फोन ऑफिसातल्या टेबलावर, स्पीकरवर. मुलगा, सून, मी, आणि भिंतीला टेकून इंचीमास्तर. कालचीच मुलगी होती. मुलगा आदल्या रात्रीपासून माझ्याशी एक अक्षरही बोललेला नव्हता. तो रागावला की ओरडत नाही, नम्र होतो. त्या मुलीशीही फार नम्र बोलत होता. ती म्हणाली, घड्याळ मागे केल्यामुळे लायसन्सला कुलूप लागलंय. फॉर्म भरावा लागेल, घड्याळ कोणी आणि का बदललं ते लिहावं लागेल. मुलगा म्हणाला, चुकून झालं.

‘दोन कॉम्प्युटरवर? एकाच तासात?’ तिने विचारलं.

मुलगा खाली बघू लागला. मला आजवर कोणी पाठीशी घातलेलं नाही आणि मी ते खपवूनही घेत नाही. मी फोनकडे वाकले आणि सांगितलं, घड्याळ मी बदलायला लावलं, मालकीण मी आहे, फॉर्मवर माझं नाव लिही. ती जरा घोटाळली. मग म्हणाली, बरं, दुपारपर्यंत कुलूप काढते, पण एक अट. सगळीकडे एकच आवृत्ती हवी. सात नंबरला आता परवानगी नाही.

मुलाने विचारलं, मग रविवारपर्यंत कशी होती?

तिने तिकडे काहीतरी उघडून वाचलं. तुमच्या सर्व्हरवर दोन लायसन्स होती, ती म्हणाली. एक अकराचं, एक वेगळं, सातचं, त्याची मुदत रविवारी संपली. सातचं आपोआप मिळत नाही, दरवर्षी पत्र लिहून मागावं लागतं. तुमच्या ऑफिसातून दरवर्षी पत्र येतं. या वर्षीही आलं होतं. आम्ही गेल्या महिन्यात कळवलंय की सात नंबर आता बंद केला, यापुढे मिळणार नाही.

‘पत्र कोणी लिहिलं?’ मुलाने विचारलं, आणि प्रश्न पुरा व्हायच्या आधीच आम्ही तिघं सुनेकडे बघत होतो. तिचा चेहरा उतरला होता.

मी उठले. तिला म्हटलं, मागे ये. मुलगा उठायला लागला, त्याला बसवलं.

मागच्या खोलीत मी दार लावलं. ही सून घरात आल्यापासून माझ्याशी कधी उलट बोललेली नाही, आणि मला तिचा तोच एक दोष वाटत आलाय.

‘किती वर्षं लिहितेस ही पत्रं?’

‘पाच.’

‘आणि नाही म्हणून उत्तर येऊन महिना झाला.’

‘हो.’

‘महिनाभर रोज माझ्यासमोर चहा ठेवतेस, भाजी काय करू विचारतेस, आणि हे पोटात ठेवलंस. सहाशे वीस मीटरचा शब्द मी दिला तेव्हा तू शेजारीच बसली होतीस.’

‘मला वाटलं ते ऐकतील. मी आणखी दोनदा लिहिलं.’ तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, माझ्यासाठी वेगळं पत्र कशाला. मग मला खरं बोलावं लागलं असतं.’

‘कुठलं खरं?’

‘आई, त्या बाह्यांच्या वेळी मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही पडद्याकडे बघत नव्हता. बोटं मोजून दाबत होता.’

बाहेर शिलाईची मशीनं चालू होती. बावीस मशीनं चालतात तेव्हा खोलीत बोललेलं खोलीतच राहतं, त्याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं. तिला काहीतरी लागेल असं बोलायचं माझ्या तोंडावर आलं होतं आणि अशी वाक्यं मला शोधावी लागत नाहीत. पण सहा वर्षं मी समजत होते की माझं गुपित मी सांभाळतेय. ते ही सांभाळत होती, वर दरवर्षी मुदत वाढवूनही आणत होती. यावर कोणाला काय बोलणार?

‘त्याला माहीत आहे?’ मी विचारलं. तो म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा.

‘नाही.’

‘आता उद्यापर्यंत मार्कर कसा लागणार ते सांग. ते पत्रात लिहिलंय का?’

‘माझ्या कॉम्प्युटरवर लावू,’ ती म्हणाली. ‘तुम्ही सांगा, मी दाबते.’

तिचा कॉम्प्युटर पुढच्या ऑफिसात, काचेच्या मागे. शिलाईच्या बाया पाणी प्यायला जाताना तिथूनच जातात. दुपारी कुलूप निघालं आणि मी सगळ्यांदेखत सुनेच्या शेजारी स्टुलावर बसले. बायांना वाटलं असेल मी तिला शिकवतेय. वाटू दिलं.

दुसऱ्याच्या हाताने काम करून घेणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने जेवणं. ही बाही वर घे. ती नाही, लहान मापाची. फिरव. इतकी नको. मी मनात एक तुकडा जागेवर ठेवून पुढच्याकडे गेलेली असायचे आणि ही अजून पहिलाच उचलत असायची. अठ्ठ्याऐंशी तुकडे. वेगवेगळ्या मापांचे आठ ट्यूनिक, प्रत्येकी अकरा. मी पडद्यावर बोट टेकवायचे, तिथे डाग पडायचा, ती तो पुसायची. चार वेळा पुसल्यावर मी म्हटलं, तो डाग उद्या पुस, बाही आज लाव. मग तिनेही सुनावलं. म्हणाली, तुम्ही ‘तिकडे’ म्हणता तेव्हा तिकडे म्हणजे कुठे ते माझ्या डोक्यात उगवत नाही, डावीकडे का उजवीकडे ते सांगा. पहिल्यांदा उलट बोलली. मी डावी-उजवी सांगायला लागले.

संध्याकाळी बारा बासष्ट. गुरुवारी सकाळी सातला परत बसलो. नऊला बारा एकावन्न. मुलगा दर थोड्या वेळाने काचेपलीकडून बघून जायचा. जाताना घड्याळ बघायचा. साडेदहाला बारा शेहेचाळीस, आणि तिथे येऊन सगळं अडलं. मी सगळ्या पाठी उचलून पुन्हा लावायला लावल्या. पुन्हा बारा शेहेचाळीस. मला सात नंबर हवा होता. माझ्या हातात माऊस असता तर काय करायचं ते हातालाच कळलं असतं. असं माझं म्हणणं होतं, आणि ते मी तिला तीनदा ऐकवलं.

चौथ्या वेळी ती म्हणाली, ‘सात नंबरमध्ये तुकडा तिरपा करता येत नव्हता. यात येतो. एक-दोन अंश.’

मी म्हटलं, तिरपा केला तर कापडाचा धागा तिरपा जाईल आणि ट्यूनिक धुतल्यावर पिळवटेल. ती म्हणाली, पुढचे भाग आणि पाठी नाही करायच्या, फक्त खिसे आणि कॉलरच्या आतली पट्टी, त्यांना काय होतंय? मी म्हटलं, कर मग. तिने पट्ट्या किंचित कलंडवल्या. त्या बाह्यांच्या बगलेत जाऊन बसल्या. मग मला दिसलं की त्यामुळे वरचा खिसा मोकळा झाला, तो डावीकडे सरकव म्हटलं, मग मोठ्या मापाची पाठ खाली आली. बारा एक्केचाळीस. बारा अडतीस. त्यापुढे नाही. अर्धा तास खेळलो, एक सेंटीमीटर हलला नाही.

हवं होतं बारा पस्तीस. मी इंचीमास्तरला बोलावलं आणि विचारलं, टोकांना किती मोकळीक सोडतोस? तो म्हणाला, दोन्हीकडे अडीच-अडीच, बाई, मी काही जादूगार नाही. मी म्हटलं, एक-एक सोड. तो म्हणाला, पन्नास थर एकेका सेंटीमीटरवर? माणसाच्या हाताने? मी म्हटलं, सर्व्हरचं घड्याळ माणसाच्याच हाताने मागे झालं होतं ना? तो टेप गळ्यातून काढत टेबलाकडे गेला.

त्याने एक जोडीदार घेऊन दुपारभर थर पसरले. कोणाला जवळ येऊ दिलं नाही, पंखासुद्धा बंद करायला लावला. एकोणपन्नास थर नीट आले. पन्नासाव्याला शेवटचा तागा चार बोटं कमी भरला. गिरणीने कमी दिलं की थर ओढले गेले, देव जाणे. त्या थरातल्या एका बाहीचं टोक कापडाच्या बाहेर राहिलं.

तीनशे नव्याण्णव ट्यूनिक पूर्ण, आणि एकाच्या बाहीला बगलेत जोड. मुलगा म्हणाला, आई, कोणाला दिसणारसुद्धा नाही, कशाला सांगायचं. मी स्टोअरच्या बाईंना स्वतः फोन केला आणि सांगितलं, एकाला जोड आहे, सहाशे वीसमध्ये बसवते म्हणाले होते, चार बोटं चुकले. त्या म्हणाल्या, अहो त्यात काय एवढं. त्यात काय एवढं म्हणे. त्यांचं काय जातंय.

शुक्रवारी मी मुलाला सांगितलं, माझ्यावरही टाक तो अकरा नंबर. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि टाकला. प्लॉटरचं काय झालं, असं विचारायची हिंमत त्याने केली नाही.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत बसले. डॉक्टरी कोटांचं छोटं काम होतं, घाई नव्हती. डावीकडून तिसरं दाबलं, सगळे तुकडे गायब. त्याच्या खालचं दाबलं, पडदा काळा. काळ्यावर एक चौकट, तिच्यात दोन बटणं, दोन्ही एकाच रंगाची. कुठल्या शहाण्याने दोन बटणं एकाच रंगाची केली असतील, त्याला माझ्यासमोर उभा करा. इंचीमास्तर कागदाची गुंडाळी घ्यायला आला होता, तो तिथेच रेंगाळला. चष्मा माझ्या नाकावर होता.

मी सुनेला हाक मारली. ती दारात आली. इंचीमास्तर जाईपर्यंत थांबावं म्हणून ती उंबऱ्यावरच उभी राहिली, तेही मला कळलं आणि तेही मला आवडलं नाही.

‘आत ये,’ मी म्हटलं. ‘या दोन बटणांवर काय लिहिलंय ते वाचून दाखव. मला वाचता येत नाही.’

इंचीमास्तरच्या हातातली गुंडाळी जरा सैल झाली. सून येऊन शेजारी वाकली आणि पहिल्या बटणाखाली बोट ठेवून सावकाश वाचू लागली, मुलांना शिकवतात तसं. मी म्हटलं, भरभर वाच, मी काही बहिरी नाही.